दुकानाचा किंवा घराचा मंजूर वीजभार वाढवायचा आहे? सोलापूरकरांसाठी पात्रता, कागदपत्रे आणि अर्जाची रीत

मार्च उजाडला की सोलापुरात एसी-कूलरची खरेदी सुरू होते. नवी पेठेतल्या कापड दुकानात दुसरा एसी बसतो, जुळे सोलापुरातल्या बंगल्यावर एक खोली वाढते, पूर्व भागात घराच्या तळमजल्यावर शिलाई मशीन येतात. मीटर मात्र तेच राहते. बिलावरच्या ‘मंजूर भार’ (एका वेळी किती वीज वापरायला महावितरणची मान्यता आहे) या रकान्यात जोडणी घेतली त्या वर्षीचा आकडा तसाच छापून येत असतो. तो वाढवून घेण्याचा अर्ज महावितरणकडे करायचा असतो आणि ते काम अवघड नाही. अर्जाबरोबर जो टेस्ट रिपोर्ट (वायरिंग तपासल्याचा अहवाल) जोडावा लागतो, त्याकडे मात्र बहुतेक जण नुसता एक कागद म्हणून बघतात. खरी सुरक्षितता त्यातच आहे, म्हणून त्याबद्दल पुढे जरा सविस्तर लिहिले आहे.

आधी बिल वाचा, मग भार मोजा

बिलावर पाच गोष्टी बघा: १२ अंकी ग्राहक क्रमांक, नाव, वर्गवारी (घरगुती, वाणिज्यिक, यंत्रमाग वगैरे), फेज (सिंगल की थ्री) आणि मंजूर भार. मग कागद-पेन घेऊन दुकानभर फिरा आणि प्रत्येक वस्तूवरचे वॅट लिहून काढा. मध्यम आकाराच्या साडीच्या दुकानाचा हिशेब साधारण असा निघतो: १२ वॅटचे २० एलईडी स्पॉट म्हणजे २४०, २० वॅटच्या १० ट्यूब म्हणजे २००, चार पंखे ३००, दीड टनाचे दोन एसी मिळून ३,२००, संगणक, कॅमेरे आणि बाहेरचा बोर्ड ३००, इस्त्री १,०००. बेरीज ५,२४० वॅट, म्हणजे सव्वापाच किलोवॅट. अशा दुकानाच्या बिलावर २ किलोवॅट छापलेले असेल, तर फरक किती मोठा आहे ते लक्षात येईल. या यादीत सगळ्या दिव्यांचा मिळून भार ४४० वॅट आहे, एकट्या इस्त्रीच्या निम्म्याहूनही कमी. एलईडी लावले म्हणून भार आटोक्यात आला, असे धरून चालू नका. वायर तापते ती एसी, गिझर आणि इस्त्रीमुळे.

सिंगल फेज जोडणी ४० अँपिअरपर्यंतच मिळते. २३० व्होल्टला हे सुमारे ९ किलोवॅट होतात. त्यापलीकडे जायचे असेल तर थ्री फेज मागावे लागेल.

अर्ज कोण करू शकतो

वीज कायदा, २००३ नुसार जागेचा मालक किंवा तिथे कायदेशीरपणे राहणारा, दुकान चालवणारा माणूस वीज मागू शकतो. म्हणजे भाडेकरूही पात्र आहे, पण त्याच्याकडे भाडेकरार हवा आणि मालकाचे संमतीपत्र हवे. थकबाकी असेल तर ती आधी भरा.

आपल्याकडे अडते ते नावापाशी. जुन्या पेठांमध्ये कितीतरी मीटर अजून आजोबांच्या नावावर आहेत. मूळ ग्राहक हयात नसेल तर आधी नावबदलाचा अर्ज करा. मृत्यूचा दाखला, वारसाचा पुरावा आणि इतर वारसांची संमती त्याला लागते. घरातल्या चार भावांच्या सह्या गोळा करण्यातच वेळ जातो, तेव्हा हे काम दिवाळीनंतरच हाती घ्या, उन्हाळा डोक्यावर येईपर्यंत थांबू नका.

वर्गवारीही तपासून घ्या. घरगुती मीटरवर दुकान चालवणे हा कायद्याच्या कलम १२६ नुसार अनधिकृत वापर ठरू शकतो आणि मग आकारणी लागू दराच्या दुप्पट होते. खाली माग आणि वर घर अशी रचना असेल, तर दोन्ही वापरांसाठी वेगळी जोडणी असणे केव्हाही बरे.

कागदपत्रे

ओळखीसाठी आधार, पॅन, मतदार ओळखपत्र, पासपोर्ट किंवा वाहन परवाना यांपैकी एक. जागेसाठी खरेदीखत, सिटी सर्व्हेचा उतारा किंवा महापालिकेच्या मिळकत कराची पावती. गावात ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा. दुकानासाठी शॉप अ‍ॅक्टची पावती जवळ ठेवा. कामगारांची संख्या कायद्यातल्या मर्यादेपेक्षा कमी असेल तर २०१७ च्या कायद्याप्रमाणे नोंदणीऐवजी ऑनलाइन सूचना पुरते, तिची पावती चालते. शिवाय शेवटचे भरलेले बिल, ए-१ अर्ज आणि टेस्ट रिपोर्ट.

टेस्ट रिपोर्ट: इथे घाई नको

हा रिपोर्ट परवानाधारक विद्युत ठेकेदारच देऊ शकतो. बल्ब, पंखा, फ्यूज, स्विच बदलणे तुम्ही स्वतः किंवा ओळखीच्या वायरमनकडून करून घेऊ शकता, नियमांत तेवढी सूट आहे. नवीन सर्किट ओढणे, भार वाढवणे, बोर्ड बदलणे ही कामे परवानाधारकाचीच. त्याचा परवाना क्रमांक आणि मुदत बघून घ्या. यात संकोच करण्यासारखे काही नाही.

ठेकेदाराने जागेवर येऊन मेगर (वायरच्या आवरणाचा रोध मोजणारे यंत्र) लावलाच पाहिजे. ५०० व्होल्टचा दाब एक मिनिट देऊन प्रत्येक जिवंत तार आणि अर्थ यांच्यामधला रोध किमान १ मेगाओहम यायला हवा. जुन्या वाड्यांत, लाकडी पट्टीवरून गेलेल्या वायरिंगमध्ये हा आकडा बऱ्याचदा खाली येतो. तसे झाले तर नवी वायर ओढल्याशिवाय भार वाढवू नका. न बघता केलेली सही स्वस्तात मिळते, पण मीटरच्या पलीकडच्या वायरिंगची जबाबदारी ग्राहकाची असते, महावितरणची नाही. म्हणून ठेकेदार आला की त्याच्याबरोबर उभे राहा आणि विचारा.

दिव्यांना दीड चौरस एमएमची वायर, पॉवर प्लगला अडीचची आणि एसी-गिझरला चारची, अशी सर्वसाधारण पद्धत आहे. प्रत्येक एसीला वेगळे सर्किट हवे. एमसीबी (भार जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) सारखी पडते म्हणून १६ अँपिअरची काढून ३२ ची बसवणे ही सर्वांत धोकादायक दुरुस्ती आहे, कारण मग एमसीबी पडत नाही आणि भिंतीतली वायर जळते. एमसीबी वायरला वाचवते, माणसाला वाचवते ती आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच. घरगुती जोडणीत गळती ३० मिलिअँपिअरच्या वर जाण्याआधी पुरवठा तुटला पाहिजे, असे केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षा नियम सांगतात. आरसीसीबीवरचे टेस्टचे बटण महिन्यातून एकदा दाबा. दाबूनही ती पडली नाही तर लगेच बदला.

अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडतो आणि मातीचा रोध वाढतो. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार असतो, त्या दिवसांत खड्ड्यात नियमित पाणी घाला.

चादर, टॉवेल, साड्यांच्या दुकानदारांना एक वेगळी विनंती. फॉल्स सीलिंगच्या वर टेप गुंडाळून केलेले जोड ठेवू नका, कनेक्टर वापरा. सुताची बारीक धूळ बोर्डात आणि दिव्यांच्या ड्रायव्हरवर (एलईडीला वीज पुरवणाऱ्या डबीवर) साचते, ती मेन स्विच बंद करून झाडून घ्या. स्पॉटलाइटला टेकेल इतका माल रचू नका. मे २०२५ मध्ये अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्याच्या आगीत आठ जीव गेले. इथे कापूस आणि सूत किती झटकन पेट घेते, हे या शहराला नव्याने सांगावे लागत नाही.

अर्ज भरल्यानंतर

अर्ज महावितरणच्या ग्राहक पोर्टलवर किंवा मोबाइल अ‍ॅपवर भरता येतो. बिलावर छापलेल्या उपविभागाच्या कार्यालयातही देता येतो. ऑनलाइन भरलात तर अर्ज क्रमांक मिळतो, तो जपून ठेवा. मग कर्मचारी जागा बघून जातो, कोटेशन निघते. त्यात जोडणीचा खर्च आणि वाढीव सुरक्षा ठेव असते. पैसे फक्त कोटेशनप्रमाणे आणि पावती घेऊनच भरा, हातात रोख देऊ नका.

वीज ग्राहक हक्क नियमांतल्या २०२४ च्या सुधारणेनुसार, पूर्ण अर्ज पोहोचल्यापासून सोलापूरसारख्या महापालिका क्षेत्रात ७ दिवसांत आणि ग्रामीण भागात १५ दिवसांत जोडणी किंवा तिच्यातला बदल व्हायला हवा. नवी लाइन किंवा रोहित्र लागणार असेल तर जास्त वेळ धरा. पोच असेल तरच या मुदतीचा उपयोग होतो.

गणपती मंडळे, गड्ड्याच्या यात्रेतले स्टॉल आणि लग्नाचे मांडव यांनी शेजारच्या दुकानातून वायर न ओढता तात्पुरती जोडणी घ्यावी. अर्जाची रीत जवळपास हीच आहे.

काम अडले तर १९१२ वर तक्रार नोंदवून क्रमांक घ्या. दाद मिळाली नाही तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंचाकडे जाता येते. सोलापूर मंडळ बारामती परिमंडळात येते, म्हणून अर्ज तिथल्या मंचाकडे करायचा. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांत मंचाकडे जायला हवे, आणि मंचाचा निकाल पटला नाही तर ६० दिवसांत विद्युत लोकपालांकडे. दोन्हीकडे वकील लागत नाही. स्वतःच्या शब्दांत लिहिलेला अर्ज, कोटेशनची पावती आणि टेस्ट रिपोर्टची प्रत एवढे जोडून पाठवा.