दुखणं थांबलं तरी पोटरी भरून आलेली नसते

थंडी पडली की नागपुरात पहाटे चालणाऱ्या-धावणाऱ्यांची गर्दी वाढते. सेमिनरी हिल्सचा चढ, अंबाझरीचा परिसर, फुटाळ्याचा काठ, शिवाय वस्तीतलं बॅडमिंटन कोर्ट. वर्षभर खुर्चीत बसून काम केलेला चाळिशीचा माणूस पहिल्याच आठवड्यात नेटजवळ पडणारं शटलचं फूल उचलायला झेपावतो आणि पोटरीत खटकन काहीतरी तुटतं. तो मागे वळून बघतो, कारण कोणीतरी मागून दगड मारला असंच त्याला वाटतं. मागे कोणी नसतं. रुग्णानं एवढं सांगितलं तरी डॉक्टरांचं अर्धं निदान होऊन जातं.

पोटरीत मुख्यतः दोन स्नायू आहेत. वरचा, बाहेरून दिसणारा गॅस्ट्रोक्नेमियस. तो गुडघ्याच्या वर सुरू होतो आणि टाचेपर्यंत जातो, म्हणजे दोन सांधे ओलांडतो. त्याच्याखाली चपटा, दमदार सोलियस. तो गुडघ्याच्या खालून निघतो. दोघे मिळून टाचेमागच्या जाड दोरीत, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या अकिलीस कंडरेत, विलीन होतात. गुडघा सरळ, पाऊल वर वळलेलं आणि त्याच क्षणी पुढे ढकलायचा जोर, असं झालं की गॅस्ट्रोक्नेमियसवर ताण आणि आकुंचन एकदम येतं. तो फाटतो बहुधा आतल्या बाजूला, स्नायू जिथे कंडरेला जुळतो तिथे. म्हणूनच अशा माणसाला कधीकधी उकिडवं बसता येतं, पण चढावर पाऊल टाकताच कळ येते. गुडघा दुमडला की हा स्नायू सैल पडतो.

पेटका येणं किंवा गोळा चढणं वेगळं. तो काही मिनिटांत सुटतो, मागे थोडा ठणका राहतो. फाटलेल्या पोटरीवर मात्र बोट ठेवून नेमकी जागा दाखवता येते आणि दोन-चार दिवसांनी काळानिळा डाग उमटतो. हा डाग अनेकदा खाली घोट्यापाशी दिसतो आणि घरचे घाबरतात. घोट्याला काही झालेलं नसतं. सांडलेलं रक्त वजनानं खाली उतरलेलं असतं.

आपल्याकडे अशा वेळी पहिला हात जातो तो बामकडे आणि मालिशकडे. मला सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटते. ताज्या जखमेत रक्तवाहिन्या नुकत्याच बंद होत असतात. पहिल्या दिवसांत जोरानं रगडलं तर रक्तस्राव वाढतो, आणि क्वचित साकळलेल्या रक्ताच्या जागी स्नायूतच हाडासारखा कठीण भाग तयार होतो. गरम शेकही तेव्हा नको. पाय उंच ठेवावा, क्रेप बँडेज बेताचं आवळून बांधावं. बर्फानं वेदना कमी होते. त्यानं जखम लवकर भरते याचा मात्र भक्कम पुरावा नाही. सपाट चपलेऐवजी थोडी टाच असलेलं पादत्राण दोन्ही पायांत घातलं तर पोटरीवरचा ताण लगेच हलका होतो.

आत काय चालू असतं ते विलक्षण आहे. आधी पांढऱ्या पेशी तुटलेले तंतू साफ करतात. मग स्नायुतंतूंच्या कडेला निजून असलेल्या सॅटेलाइट पेशी जाग्या होतात, विभागतात आणि नवे तंतू घडवतात. १९६१ साली अलेक्झांडर माउरो यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली बेडकाच्या स्नायूत या पेशी पाहिल्या. त्याच वेळी कोलॅजन या चिवट प्रथिनाच्या धाग्यांचा व्रणही विणला जातो, आणि सुरुवातीला ते धागे शेताच्या बांधावर टाकलेल्या पऱ्हाट्यांसारखे आडवेतिडवे पडलेले असतात. त्यांना दिशा मिळते ती ताणामुळे. ज्या रेषेत स्नायू ओढला जातो, त्या रेषेत धागे हळूहळू लागतात. पाय महिनाभर नुसता उशीवर ठेवला तर व्रण कमजोर राहतो आणि शेजारचा निरोगी स्नायूही झिजतो.

डेन्मार्कमध्ये मांडी किंवा पोटरीचा स्नायू दुखावलेल्या ५० हौशी खेळाडूंवर एक अभ्यास झाला, तो २०१७ साली प्रसिद्ध झाला. एका गटानं दुखापतीनंतर २ दिवसांनी व्यायाम सुरू केला, दुसऱ्यानं ९ दिवसांनी. पहिला गट साधारण ६२ दिवसांत खेळात परतला, दुसऱ्याला ८३ दिवस लागले. सुरुवातीच्या एका आठवड्याच्या फरकानं शेवटी तीन आठवडे लांबवले.

दोन दिवसांनी सुरू करायचं म्हणजे धावायचं नव्हे. आधी बसल्या बसल्या पाऊल वर-खाली. मग खुर्चीवर बसून टाचा उचलणं. यात गुडघा दुमडलेला असल्यानं काम सोलियस करतो. ते सोसलं की स्वयंपाकाच्या ओट्याला हात टेकून, गुडघे सरळ ठेवून दोन्ही टाचा उचलायच्या, वर क्षणभर थांबायचं आणि सावकाश खाली यायचं. खाली येतानाचा वेग आवरण्यातच खरं बळ तयार होतं, घाई तिथेच नको. नंतर दोन्ही पायांनी वर, दुखऱ्या एकट्यानं खाली. शेवटी सगळं एका पायावर. थोडं दुखलं तर चालेल. दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणं वाढलेलं असेल तर आदल्या दिवसाचा भार जास्त झाला होता.

किरकोळ दुखापत एक ते तीन आठवड्यांत सावरते, मध्यम दुखापतीला महिना-दोन महिने लागतात, पूर्ण फाटला तर तीन-चार महिने.

काही वेळा मात्र घरी थांबायचंच नाही. चवड्यावर अजिबात उभं राहता येत नसेल किंवा टाचेच्या वर खड्डा लागत असेल तर अकिलीस कंडरा तुटलेली असू शकते. पालथं झोपवून पोटरी दाबली तर पाऊल हलायला हवं. न हलणं ही कंडरा तुटल्याची खूण. आणि झटका वगैरे काही न बसता, समजा ट्रॅव्हल्सनं रातोरात पुण्याहून आल्यावर, एकच पोटरी सुजली, गरम लागली, तर ती रक्तवाहिनीत झालेली रक्ताची गुठळी असू शकते. ती सुटून फुप्फुसात गेली तर जीव जाऊ शकतो. त्याच दिवशी नागपुरातलं मेडिकल किंवा मेयो ही सरकारी रुग्णालयं, नाहीतर जवळचं रुग्णालय गाठावं. धाप लागली किंवा छातीत दुखलं तर क्षणाचाही उशीर नको. अशा पोटरीला मालिश करू नये.

चालताना दुखणं बहुतेकांचं लवकर थांबतं, आणि नेमकं तेव्हाच लोक पुन्हा कोर्टवर उतरतात. व्रण अजून कच्चा असतो, त्याच जागी पुन्हा फाटतो, आणि ही दुसरी दुखापत जास्त रेंगाळते. म्हणून वेदनेपेक्षा ताकदीचं माप घ्यावं. एका पायावर टाच उचलणं निरोगी पायाला जितक्या वेळा जमतं, तितक्या वेळा दुखऱ्यालाही जमायला हवं. २० ते २५ वेळा जमलं तर छान. त्यानंतर सपाट रस्त्यावर चालणं आणि मध्ये थोडं धावणं, एक दिवसाआड. उड्या आणि वेगानं सुटणं त्याच्या पुढे. सेमिनरी हिल्सचा चढ सगळ्यात शेवटी, कारण तिथे प्रत्येक पावलाला पोटरी ताणून मगच ढकलावं लागतं.