शासकीय छायाचित्रांवरील प्रताधिकार

शासनाने काढलेल्या किंवा शासनाच्या आदेशावरून काढून घेतलेल्या छायाचित्रांवर भारतात प्रताधिकार (कॉपीराइट) असतो आणि वेगळा करार नसेल तर तो शासनाचाच असतो (प्रताधिकार अधिनियम, १९५७, कलम १७). सरकारी फोटो म्हणजे जनतेच्या पैशाचा, कोणीही छापावा, हा समज सातारा-सांगलीच्या फ्लेक्सवाल्यांपासून स्मरणिकांच्या संपादकांपर्यंत पसरलेला आहे. अमेरिकेच्या संघराज्य शासनापुरता तो बराचसा खराही आहे. नासाची बहुतेक चित्रे म्हणूनच मोकळी असतात. आपल्याकडचा कायदा निराळा. तहसील कार्यालयाने गावातल्या स्टुडिओवाल्याला पैसे देऊन कार्यक्रमाचे फोटो काढून घेतले, तरी हक्क सहसा शासनाकडेच जातो.

खरी गुंतागुंत मुदतीची. खासगी छायाचित्राला २०१२ च्या दुरुस्तीपासून छायाचित्रकाराच्या हयातीनंतर ६० वर्षे संरक्षण मिळते. शासकीय छायाचित्राची ६० वर्षे मात्र प्रथम प्रसिद्धीच्या पुढील वर्षारंभापासून मोजतात. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयना भूकंपाचे शासकीय छायाचित्र त्याच महिन्यात प्रसिद्ध झाले असेल, तर ते ३१ डिसेंबर २०२७ नंतर मोकळे होईल. सांगलीतल्या २०१९ च्या महापुराच्या अशाच छायाचित्रांसाठी २०७९ सरावे लागेल. फोटो कधी प्रसिद्धच झाला नसेल तर ही मोजणी सुरूच होत नाही. अभिलेखकक्षात रुमालात बांधून पडलेल्या जुन्या फोटोंची ही अडचण संशोधकांना चांगलीच भोवते.

माहिती अधिकारात फोटोची प्रत मागता येते. शासनाचा स्वतःचा प्रताधिकार हे नकाराचे कारण होऊ शकत नाही; माहिती अधिकाराच्या २००५ च्या अधिनियमाच्या कलम ९ नुसार शासनेतर व्यक्तीच्या प्रताधिकाराचा भंग होत असेल तरच त्या कारणाने नकार देता येतो. पण प्रत मिळाली म्हणजे छापण्याचा परवाना मिळाला असे नव्हे. चालू घडामोडींचे वृत्त, समीक्षा, खासगी अभ्यास यांसाठीचा रास्त वापर प्रताधिकार अधिनियमाच्या कलम ५२ नुसार चालतो. अनेक शासकीय संकेतस्थळे स्रोत नमूद करून आणि मोडतोड न करता फुकट वापरू देतात. मात्र तेथे इतरांच्या मालकीचे फोटोही असतात आणि त्यांना ही मुभा लागू नसते.

साताऱ्याच्या अजिंक्यतारा किल्ल्याचा किंवा सार्वजनिक चौकातल्या पुतळ्याचा फोटो स्वतः काढला तर शासनाच्या प्रताधिकाराचा प्रश्न येत नाही. धरणांवर छायाचित्रणाला मनाई असते, ती सुरक्षेपोटी.

साताऱ्यात आणखी एक कायदा आडवा येतो, तो फारसा कोणाला ठाऊक नसतो. बोधचिन्हे व नावे यांच्या गैरवापरास प्रतिबंध करणाऱ्या १९५० च्या अधिनियमाच्या अनुसूचीत छत्रपती शिवाजी महाराज, महात्मा गांधी आणि पंतप्रधान यांची नावे व चित्रे आहेत. फोटो कोणीही काढलेला असो, केंद्र शासनाच्या परवानगीवाचून धंद्यासाठी ती वापरता येत नाहीत. ही मनाई कितपत पाळली जाते, ते बाजारपेठेतल्या पाट्या पाहिल्या की कळते. दिनदर्शिकेला सूट आहे, तीही तिच्यावर फक्त निर्मात्याचे व मुद्रकाचे नाव असेल आणि मालाची जाहिरात नसेल तेव्हाच.