घोयऱ्याचा डबा

न्यू जर्सीला भाच्याकडे गेलो होतो. पहिल्याच रात्री रातकिड्यांनी झोप उडवली. खिडक्या बंद, तरी आवाज कानाशी. सकाळी उलगडा झाला. शेजारच्या खोलीत प्लॅस्टिकच्या खोक्यात, अंड्यांच्या पुठ्ठ्यांच्या आडोशाला, दोनेकशे रातकिडे नांदत होते. भाच्याने त्यातले सात-आठ पिशवीत घेतले, चिमूटभर पांढरी पूड टाकली आणि पिशवी हलवली. रव्यात घोळवलेल्या बोंबलासारखे होऊन ते बाहेर आले. पिंजऱ्यातल्या येमेनी शॅमेलिऑनने एक डोळा इकडे फिरवला, मग दुसराही. पुढच्या क्षणी फांदीवरचा रातकिडा नाहीसा झाला होता.

शॅमेलिऑन म्हणजे आपल्याकडचा घोयरा, कुठे सरडगुहिरा. (आपला घोयरा पाळणं १९७२च्या वन्यजीव कायद्यानुसार गुन्हा आहे; हा पाहुणा मूळचा येमेन-सौदीकडचा, पण पैदास केंद्रात जन्मलेला.)

ती पूड कसली, तर कॅल्शियम कार्बोनेट. सोप्या भाषेत चुनखडी. ती लागते, कारण कीटकांना हाडंच नसतात. त्यांचं कवच कायटिनचं, त्यात कॅल्शियम नावापुरतं. अमेरिकी पोषणतज्ज्ञ मार्क फिंके यांनी २००२ साली दिलेले आकडे पाहा: किलोभर मोठ्या रातकिड्यांत फॉस्फरस जवळपास ३,००० मिलिग्रॅम, कॅल्शियम मात्र ४००च्या आसपास. सरड्याला हवं असतं नेमकं उलटं, फॉस्फरसच्या दीड-दोन पट कॅल्शियम. तेवढं मिळालं नाही की शरीर ते स्वतःच्याच हाडांतून काढून घेतं. जबडा मऊ पडतो, पुढचे पाय वाकतात, जीभसुद्धा धड सुटेनाशी होते. कॅल्शियम आतड्यातून रक्तात जायला ड जीवनसत्त्व लागतं आणि ते कातडीत तयार व्हायला अतिनील किरण. म्हणून पिंजऱ्यावर तो खास दिवा.

मग रोजचा कीटक कोणता निवडायचा? शौकीन लोक यावर तासन् तास वाद घालतात. मला त्यातला अर्धा वाद फुकाचा वाटतो. कीटक हा डबा आहे. डब्यात काय भरलंय ते महत्त्वाचं. खाऊ घालण्याआधी दिवस-दोन दिवस रातकिड्यांना गाजर, हिरवा पाला चारायचा, म्हणजे त्यांच्या पोटातून ते घोयऱ्याच्या पोटात जातं. भाच्याच्या घरी ताजी भाजी आधी रातकिड्यांना, मग मामाला.

तरी डब्याडब्यांत फरक असतोच. मेणकिड्याच्या अळीत जवळजवळ पंचवीस टक्के चरबी, म्हणजे ती श्रीखंडासारखी. सणासुदीला ठीक, रोज नको. तुतीवर वाढणारी रेशमाची अळी मऊ, पाणीदार, चरबी अगदी थोडी. दक्षिण अमेरिकेतलं डुबिया झुरळ मांसल असतं, गुळगुळीत काचेवर त्याला चढता येत नाही आणि ते ओरडतही नाही, हा गुण मी त्या रात्रीनंतर सर्वांत वर ठेवीन. चुनखडी न लावता कॅल्शियम देणारी एकच प्रसिद्ध अळी आहे, ब्लॅक सोल्जर माशीची. ती आपल्या कवचातच कॅल्शियम कार्बोनेट साठवते. पण ती नीट चावली गेली तरच त्याचा उपयोग. अख्खी गिळली तर बरंचसं तसंच बाहेर पडतं.

एकाच कीटकावर अवलंबून राहण्याचा धोका रातकिडे पाळणाऱ्यांनीही भोगलाय. घरगुती रातकिड्यांना मारणाऱ्या डेन्सोव्हायरसने आधी युरोपात, मग २०१०च्या सुमारास अमेरिकेत पैदास केंद्रंच्या केंद्रं रिकामी केली. तेव्हापासून पट्टेरी रातकिड्यासारख्या दुसऱ्या जाती बाजारात आल्या. शिवाय रोज तेच ते पुढे आलं की शॅमेलिऑनही तोंड फिरवतो. आणि उरलेले रातकिडे रात्री पिंजऱ्यातून काढायचे, नाहीतर ते झोपलेल्या घोयऱ्यालाच कुरतडतात.

संध्याकाळी अंगणात काजवे निघाले. जून महिना, हिरवळीवर नुसती लुकलुक. मी सहज म्हटलं, "एखादा पकडून देऊ का रे त्याला?"

"मामा, नको!" भाचा जवळजवळ ओरडलाच.

अमेरिकेतल्या बऱ्याच काजव्यांच्या अंगात ल्युसिब्युफॅजिन नावाचं विष असतं. भेकाच्या विषाचंच हे भावंड, थेट हृदयावर घाला घालतं. पाळलेले ऑस्ट्रेलियन दाढीवाले सरडे असे मेल्याची नोंद १९९९ साली शास्त्रज्ञांनी छापली आहे. अशा सरड्याला एकच काजवा पुरतो.