उघडं छत आणि ९००० आरपीएम: फेरारी ४५८ स्पायडरची पार्श्वभूमी

जुन्या गाडीचं मोल कोल्हापूरकरांना सांगावं लागत नाही. शाही दसऱ्याला छत्रपती घराण्याची मेबॅक दसरा चौकात आली की माना आपोआप तिकडे वळतात. फेरारी ४५८ स्पायडर, म्हणजे ४५८ ची छत उघडणारी आवृत्ती, मात्र २०११ ते २०१५ मधली, म्हणजे तशी कालपरवाची गाडी. तरीही संग्राहक तिला आत्तापासूनच जपतात. ते का, हे कळायला आधी छताचा इतिहास बघावा लागतो.

फेरारीच्या उघड्या गाड्यांत मानाची जागा २५० जीटी कॅलिफोर्नियाची. १९५७ पासून अमेरिकेतल्या गिऱ्हाइकांसाठी काढलेल्या या गाड्या शंभरच्या थोड्याच वर बनल्या. वर्षानुवर्षं शेडमध्ये धूळ खात पडलेली १९६१ ची एक कॅलिफोर्निया फेब्रुवारी २०१५ मध्ये पॅरिसच्या लिलावात १ कोटी ६० लाख युरोंच्या वर गेली. तिचं इंजिन पुढे होतं, त्यामुळे छताची घडी सीटमागे आरामात बसायची. इंजिन सीटमागे आलं आणि ती जागाच गेली.

मग तडजोडी सुरू झाल्या. १९७७ च्या ३०८ जीटीएसला डोक्यावरचा फक्त एक तुकडा निघायचा. १९९३ च्या ३४८ स्पायडरचं कापडी छत हाताने दुमडावं लागे. १९९५ च्या एफ३५५ स्पायडरला मोटर आली. छत हलताना जागा व्हावी म्हणून तिच्या सीट आपोआप पुढे सरकतात. सीट कुठे आहे हे सांगणारा पोटेन्शिओमीटर बिघडला की छत अर्ध्यावर अडकतं, आणि गिऱ्हाईक उगाच मोटर बदलून बसतं. मागची प्लास्टिकची काच पिवळी पडते आणि घडीच्या रेषेवर चिरते. पुढे ३६० आणि एफ४३० मध्ये यंत्रणा सुधारली, छत मात्र कापडीच राहिलं.

४५८ स्पायडरने हा प्रश्न सोडवला. मध्ये इंजिन असलेल्या गाडीला दुमडणारं टणक छत पहिल्यांदा तिनेच दिलं. दोन तुकड्यांचं ॲल्युमिनियमचं हे छत १४ सेकंदांत आत जातं आणि नेहमीच्या कापडी छतापेक्षा २५ किलोने हलकं आहे. तरी सांगाडा बळकट करावा लागल्यामुळे बंद छताच्या ४५८ पेक्षा स्पायडर सुमारे ५० किलोने जड भरते. छत इंजिनावर जाऊन बसत असल्याने इंजिन दाखवणारी काचही गेली. आमच्या मते हा सौदा परवडणारा आहे. कारण छत बंद ठेवून मागची उभी काच तेवढी खाली घेता येते, आणि गगनबावड्याच्या पावसातही इंजिनाचा आवाज थेट कानावर येतो.

तो आवाज हेच खरं आकर्षण. ४४९९ सीसीचं, टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर इंजिनात जादा हवा कोंबणारा पंप) नसलेलं हे व्ही-८ इंजिन ९००० आरपीएमला, म्हणजे मिनिटाला ९००० फेऱ्यांना, ५७० पीएस (मेट्रिक अश्वशक्ती) देतं. क्रँकच्या, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्याच्या, पिना एकाच प्रतलात, १८० अंशांवर असल्याने दोन्ही बाजूंचे सिलिंडर आळीपाळीने पेटतात. म्हणून आवाज घुमत नाही, चिरत जातो.

कोल्हापूरजवळच्या शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीवाल्यांना यातली खरी कसरत लगेच कळेल. फेरारी इंजिनांचं ॲल्युमिनियमचं ओतकाम इटलीतल्या मारानेल्लोच्या स्वतःच्या फाउंड्रीत करते. आपल्याकडचं बहुतेक काम बिडाचं, पण अडचणी ओळखीच्याच. सिलिंडर हेडमधली पाण्याची वाट पोकळ ठेवणारा वाळूचा गाभा (कोअर) जरा सरकला की एका बाजूची भिंत पातळ पडते. गॅस अडकला की ब्लोहोल, म्हणजे ओतकामात पोकळी. ९००० आरपीएमला अशी भिंत फार काळ तग धरत नाही.

२०१५ मध्ये ४८८ आली: ३९०२ सीसी, दोन टर्बो, ६७० पीएस. ती वेगवान आहे, पण एक्झॉस्टच्या वाटेत टर्बाइन बसलं की आवाजाची धार जाते. त्यामुळे ४५८ ही मधल्या इंजिनाची, टर्बोविना व्ही-८ फेरारींतली शेवटची ठरली. तिचीच २०१४ ची स्पेशाले ए, ६०५ पीएसची, फक्त ४९९ बनली. एफ४३० स्पायडरचा मान वेगळा आहे. मध्ये व्ही-८ असलेल्या उघड्या फेरारींत हाताने गिअर टाकायची सोय शेवटची तिच्यातच मिळाली. ४५८ ला सात गिअरचा, आपोआप गिअर बदलणारा डबल क्लच गिअरबॉक्सच आहे.

आता घेण्याबद्दल. भारतात वापरलेली गाडी आयात करायची तर ती तीन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही आणि स्टिअरिंग उजवीकडेच लागतं. त्यामुळे ४५८ देशातलीच शोधावी लागते. परराज्यातली असेल तर एनओसी आणि एमएच-०९ चा रोड टॅक्स आधीच हिशेबात धरा. पुढचं नाक ४० मिलिमीटर उचलणारा लिफ्टर बसवलेली गाडी मिळाली तर तीच घ्या, गावाबाहेरचे स्पीडब्रेकर लिफ्टरशिवाय पार होत नाहीत.

तपासताना ब्रेकच्या कार्बन-सिरॅमिक डिस्क नुसत्या डोळ्यांनी पारखू नका. त्यांची झीज वजनावरून कळते, किमान वजन डिस्कवरच कोरलेलं असतं. टायरच्या कडेचे चार आकडे वाचा. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी इतकं जुनं रबर कडक झालेलं असतं. गिअरबॉक्सचा इशारा दिवा पूर्वी लागला होता का, हे स्कॅनर लावून बघा. त्यामागे बिघडलेला सेन्सर असू शकतो; तो छोटा असतो, पण तिथपर्यंत पोचायला गिअरबॉक्स उतरवून उघडावा लागतो. पावसाळ्यात गाडी उभी राहणार असेल तर बॅटरीला चार्जर लावूनच ठेवा, आणि हवा न खेळणारं प्लास्टिकचं कव्हर घालू नका, चामड्यावर बुरशी येते.

छताची परीक्षा शेवटी घ्या. इंजिन थंड असताना दोनदा आणि गाडी तापल्यावर दोनदा उघडून बंद करा. मग छत बंद करून दहा मिनिटं पाइपने पाणी सोडा. पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या पाचोळ्याने तुंबल्या असतील तर ते आत उतरतं. वरून काही दिसत नाही, म्हणून सीटमागच्या कार्पेटखाली हात घालून बघा.