सीएचा दाखला आणि ऑडिट रिपोर्ट: सही एकच, जबाबदारी वेगळी

अक्कलकोट रोडवरच्या टॉवेल कारखान्याची बँकेची फाइल उघडली की दोन कागद हमखास सापडतात. एक ऑडिट रिपोर्ट. दुसरा सीएचा दाखला, कधी उलाढालीचा, कधी शिल्लक सुताचा. दोन्हींवर शिक्का तोच, म्हणून सोलापुरात दोन्हींना सरसकट ‘सीएची सही’ म्हणतात.

ऑडिट रिपोर्ट म्हणजे मत. ऑडिटर प्रत्येक बिल बघत नाही, नमुन्यादाखल व्यवहार निवडून तपासतो आणि ताळेबंद एकंदरीत खरं व वाजवी चित्र दाखवतो का, ते सांगतो. पटलं नाही तर तसा शेरा मारतो. हिशेब मांडण्याची जबाबदारी मात्र कारखान्याचीच.

दाखल्यात एक ठराविक आकडा असतो. समजा, ‘31 मार्चला 18 टन सूत शिल्लक’. तो पुस्तकांशी ताडून पाहिला आहे, असं सीए सांगतो. आकडा खोटा निघाला तर ‘माझं मत तसं होतं’ म्हणायला फारशी जागा उरत नाही. तरीही दाखला मागायचा तो उभ्या उभ्या, ‘साहेब, तेवढी सही द्या, बँक बंद होईल’ म्हणत. मला हे फार खटकतं. दोन्हींत जड कागद हाच आहे.

गिरण्यांच्या गावाला पटेल असा एक जुना खटला इंग्लंडमधला आहे, किंग्स्टन कॉटन मिलचा, 1896 चा. तिथल्या मॅनेजरनं कापूस आणि सुताचा साठा वर्षानुवर्षं फुगवून दाखवला. साठ्याचा दाखला तोच द्यायचा आणि ऑडिटर त्यावर विसंबून रिपोर्ट द्यायचे. ऑडिटर राखणीचा कुत्रा आहे, माग काढणारा नव्हे, असं म्हणून न्यायालयानं त्यांना सोडलं. आज तेवढ्यावर भागत नाही. साठ्याची रक्कम मोठी असेल तर ऑडिटिंगच्या मानक 501 प्रमाणे, शक्य असेल तिथं, मोजणीला स्वतः हजर राहावं लागतं.

चार्टर्ड अकाउंटंट्स कायदा 1949 च्या दुसऱ्या परिशिष्टात काम करताना योग्य काळजी न घेणं, घोर निष्काळजीपणा करणं हे व्यावसायिक गैरवर्तन धरलं आहे. सीएंच्या नोंदवहीतून नाव काही काळ किंवा कायमचं निघू शकतं. दाखला असो वा रिपोर्ट, ही तलवार दोन्हींवर आहे. ‘पुढच्या वर्षी विक्री इतकी होईल’ याची हमी तर सीएनं आपल्या नावावर देताच कामा नये, तेही याच परिशिष्टात येतं. कर्जासाठी नेमका तोच कागद मागितला जातो, तेव्हा नाही म्हणणाऱ्या सीएवर रागावू नका.

2019 पासून दोन्ही कागदांवर 18 अंकी यूडीआयएन, म्हणजे त्या कागदाचा स्वतंत्र ओळख क्रमांक, लागतो. सीएंच्या इन्स्टिट्यूटच्या (आयसीएआय) पोर्टलवर तो टाकून कागद खरोखर त्याच सीएनं दिलाय का, हे बँकवाला किंवा उधारीवर सूत देणारा व्यापारीसुद्धा दोन मिनिटांत बघू शकतो.