दुडकी, रवाल आणि भरधाव

महामार्गावरच्या अपघाताची बातमी नाशिकच्या पेपरात आली की ट्रक हमखास ‘भरधाव’ असतो. एकेकाळी हा शब्द घोड्याबरोबर यायचा. त्याची भावंडं, म्हणजे घोड्याच्या बाकीच्या चालींची नावं, मात्र मागे राहिली.

अमरकोशात घोड्याच्या पाच चाली आहेत: आस्कंदित, धौरितक, रेचित, वल्गित, प्लुत. त्यांना एकत्रित नाव ‘धारा’. मराठी पागेत यातलं काही टिकलं नाही. तिथली बोली लगाम, रिकीब (पाय ठेवायची कडी) अशा फारसीतून आलेल्या शब्दांची. कदम म्हणजे साधं चालणं. हा शब्द अरबी. रवाल फारसी ‘रहवार’मधून आली, आणि त्यातला ‘राह’ म्हणजे वाट.

रवालीत घोडा एका बाजूचे दोन पाय पाठोपाठ टाकतो, मग दुसऱ्या बाजूचे. चार टापा सुट्या ऐकू येतात आणि पाठ जवळजवळ हलत नाही. दिवसभराची मजल मारणाऱ्या स्वाराला हीच चाल हवी. दुडकीत उजवा पुढचा आणि डावा मागचा पाय एकदम पडतो, मग उलट जोडी. टप-टप, टप-टप. वर बसलेल्याची हाडं खिळखिळी होतात. पण टांग्याच्या घोड्यावर बसतो कोण? म्हणून नाशकात घोडदळ विस्मरणात गेलं तरी स्टेशन ते पंचवटी दुडकी चालत राहिली. १८८९ च्या सुमारास सुरू झालेली इथली ट्रामही आधी घोडेच ओढत. (टांग्याचं घोडं नदीवर धुवायला नेलं की ‘घोडं गंगेत न्हालं’ हे नाशिककराला अक्षरशः म्हणता यायचं. गोदेला आपण गंगाच म्हणतो.)

‘चौखूर’ हा मला सगळ्यांत नेमका वाटणारा शब्द. धावत्या घोड्याचे चारही खूर एका क्षणी जमिनीवरून सुटतात का, यावर पाश्चात्त्य देशांत वाद होता. १८७८ मध्ये छायाचित्रकार मायब्रिजने कॅलिफोर्नियात ओळीने कॅमेरे लावून तो मिटवला. सुटतात; मात्र पाय पसरलेले असताना नाही, पोटाखाली गोळा झालेले असताना. त्याआधीच्या कितीतरी चित्रांत घोडे पाय ताणून उडताना दिसतात, ते चूक.

टांगे गेले तशी दुडकीही बोलण्यातून गेली. रवाल मात्र मारवाडी घोड्यांबरोबर परतली आहे. येवल्याच्या किंवा सारंगखेड्याच्या घोडेबाजारात विकणारा तिला ‘रेवाल’ म्हणतो, आणि गिऱ्हाईक दात बघून झाल्यावर म्हणतं, “चाल दाखवा.”