अल्पजोखीम संपर्क (एचआयव्ही)

एचआयव्हीचा संसर्ग होण्याची शक्यता शून्य नसली तरी अत्यंत कमी असते, असा लैंगिक संपर्क. ही संज्ञा मुख्यतः मुखमैथुनाला लावतात. आलिंगन, परस्पर हस्तमैथुन किंवा साधे चुंबन यांतून संसर्ग होत नाही. हिरड्यांतून रक्त येत असताना घेतलेल्या दीर्घ चुंबनातून संसर्ग झाला असावा, अशी एक नोंद अमेरिकेत १९९७ मध्ये झाली. ती अपवादात्मक मानली जाते.

मुखमैथुनाची जोखीम आकड्यात मांडण्यावर मतभेद आहेत. सॅन फ्रान्सिस्कोतील संशोधकांनी २००० मध्ये नुकत्याच बाधित झालेल्या १०२ पुरुषांपैकी ८ जणांचा संसर्ग या मार्गाने झाला असावा, असे मांडले. हे अनुमान रुग्णांच्या सांगण्यावर आधारलेले होते आणि इतर संबंध सांगायला माणूस कचरतो, हे कोणताही समुपदेशक जाणतो. त्याच शहरात फक्त मुखमैथुन करणाऱ्या २३९ पुरुषांच्या तपासणीत एकही नवा संसर्ग आढळला नाही (२००२). स्पेनमध्ये एक जोडीदार बाधित असलेल्या १३५ स्त्री-पुरुष जोडप्यांत निरोधाविना सुमारे १९,००० मुखसंपर्क होऊनही दुसऱ्याला लागण झाली नाही. येथे जोडीदार बाधित असल्याचे निश्चित होते, म्हणून हा पुरावा अधिक वजनदार वाटतो. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या कोष्टकात बाधित जोडीदाराशी आलेल्या दर १०,००० संपर्कांमागे स्वीकारकर्त्याची (ज्याच्या शरीरात लिंगप्रवेश होतो त्याची) जोखीम गुदमैथुनात १३८ व योनिसंभोगात ८ आहे. मुखमैथुनापुढे मात्र आकडा नाही, ‘कमी’ एवढाच शेरा आहे.

लाळेत मिठाचे प्रमाण कमी असल्याने बाधित पेशी फुटतात, तसेच लाळेतील काही प्रथिने विषाणूला अटकाव करतात, असे प्रयोगशाळेत दिसून आले आहे. तोंडातील जखमा, हिरड्यांचे आजार आणि तोंडात वीर्यस्खलन यांनी जोखीम वाढते. गरमी (सिफिलिस) व परमा (गनोरिया) हे गुप्तरोग मात्र याच मार्गाने सहज पसरतात, ही गोष्ट एचआयव्हीच्या धास्तीत हटकून विसरली जाते.

बाधित जोडीदाराचा विषाणुभार (रक्तातील विषाणूंचे प्रमाण) एआरटीमुळे, म्हणजे विषाणूविरोधी औषधोपचारामुळे, सातत्याने नगण्य राहत असेल, तर लैंगिक संबंधातून संसर्ग होत नाही. पुण्यातील जोडप्यांचाही समावेश असलेल्या एचपीटीएन ०५२ या औषधोपचाराच्या चाचणीने (२०११) या निष्कर्षाचा पाया घातला; युरोपातील ‘पार्टनर’ नावाच्या अभ्यासांनी (२०१६, २०१९) तो पक्का केला.

संसर्गाची शंका असल्यास प्रतिबंधक औषधे संपर्कानंतर ७२ तासांच्या आत सुरू करून २८ दिवस घ्यावी लागतात; केवळ मुखमैथुनानंतर ती सहसा दिली जात नाहीत. सरकारी आयसीटीसी (एकात्मिक समुपदेशन व चाचणी) केंद्रांत एचआयव्ही तपासणी मोफत होते. हेल्पलाइन : १०९७.